एका थेंबाचा ताळेबंद

जबलपूरच्या आमच्या शाखेत रोख विभाग सांभाळणारे एक ज्येष्ठ सहकारी होते. पद हेड कॅशियरचे. पण शाखाप्रमुखांपासून शिपायापर्यंत सर्वजण त्यांना काका म्हणत. त्यांचे पणजोबा नोकरीनिमित्त नागपुराहून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यामुळे काकांच्या मराठीत मधूनच एखादे 'हाँ' डोकावे आणि नर्मदेचा उल्लेख ते 'नर्मदाजी' असाच करीत. नोटांच्या बाबतीत मात्र त्यांची भाषा एकच, बोटांची. नोटा तपासणारे यंत्र शाखेत आल्यावरही बंडल यंत्रात घालण्यापूर्वी ते एकदा बोटांखालून काढीत आणि एखादी नोट अलगद बाजूला ठेवीत. "काका, काय दिसलं?" असे विचारले की उत्तर ठरलेले असे. "एक गोष्ट दिसली असती तर सांगितली असती, साहेब. सगळं मिळून बरोबर वाटत नाही."

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना काकूंचे आजारपण निघाले. पोट फुगल्यासारखे वाटणे, दोन घास खाल्ले की पोट भरणे, उगाच थकवा येणे, अशा साध्यासुध्या तक्रारी होत्या. सहा-सात महिने आम्लपित्ताची औषधे झाली. अखेर निदान झाले तेव्हा अंडाशयाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात पोहोचला होता. पुढच्या वर्षी काकू गेल्या.

दिवसकार्ये आटोपून काका कामावर रुजू झाले. एका संध्याकाळी रोख बंद करून, तिजोरीच्या किल्ल्या माझ्या ताब्यात देता देता ते म्हणाले, "साहेब, तिचं रक्त किती वेळा तपासलं. साखर तपासली, हिमोग्लोबिन तपासलं, थायरॉइड तपासलं. रक्तात काहीतरी आलंच असेल ना? मग ते कुणाला दिसलं का नाही?"

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर. शरीरशास्त्राशी संबंध शाळेनंतर संपलेला. त्या संध्याकाळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर जे वाचले, विचारले आणि थोडेफार स्वतः अनुभवले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

दोनशे कोटींत एक रुपया

काकांचा तर्क चुकीचा नव्हता. शरीरात काही बिघडले की त्याच्या खुणा बहुधा रक्तात उतरतात आणि त्यांपैकी पुष्कळशा खुणा प्रथिनांच्या रूपात असतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात झिरपते. काही कर्करोगांच्या पेशी विशिष्ट प्रथिने बाहेर टाकतात. मलेरियाचा जंतूही स्वतःची प्रथिने आपल्या रक्तात सोडतो. अडचण असते ती प्रमाणाची. रक्तद्रवात सर्वाधिक आढळणारे प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ते एका लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम असते. निरोगी माणसाच्या रक्तातील ट्रोपोनिन एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढेच भरते आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. ट्रोपोनिन २० नॅनोग्रॅम धरले तर दोहोंतील अंतर दोनशे कोटी पटींचे होते.

बँकेतील मंडळींना हे निराळे समजावून सांगावयास नको. दिवसअखेरीस शंभर रुपयांची तफावत निघाली तर सारी शाखा रात्री नऊपर्यंत व्हाउचरे चाळीत बसते. इथे दोनशे कोटींच्या ताळेबंदात एका रुपयाची चुकलेली नोंद हुडकायची, तीही बोटाच्या टोकाला सुई टोचून काढलेल्या एका थेंबात. सकाळी दिलेल्या रक्ताचा अहवाल संध्याकाळी हाती येतो, तेव्हा ही कामगिरी आपल्या लक्षातही येत नाही.

प्रयोगशाळा हे काम मुख्यतः प्रतिपिंडांकरवी करतात. एखाद्या प्रथिनाला नेमके ओळखून त्यालाच चिकटणारा रेणू म्हणजे प्रतिपिंड. कुलपाला किल्ली, तसा प्रथिनाला प्रतिपिंड. पण चिकटलेला प्रतिपिंड डोळ्यांना दिसणार कसा? त्यासाठी त्याला एखादे ठळक निशाण बांधावे लागते. या निशाणासाठी शास्त्रज्ञांनी जी वस्तू निवडली, ती आपल्या बँकेच्याही रोजच्या व्यवहारातली आहे. ती म्हणजे सोने.

मंडल्यातील लाल रेघ

कृषी कर्जांच्या पाहणीसाठी मला मंडला जिल्ह्यात जावे लागे. जबलपूरहून शंभरेक किलोमीटरवरचा हा प्रदेश सालवृक्षांच्या दाट रानांचा, गोंड आणि बैगा समाजाच्या वस्त्यांचा. कान्हाचे अभयारण्य याच बाजूला. एका पावसाळ्यात अशाच फेरीवर असताना मला थंडी वाजून ताप भरला. गावातील आशा कार्यकर्तीने बोटाला सुई टोचली, एक थेंब छोट्या पट्टीवर सोडला, वर दुसऱ्या बाटलीतून काही थेंब टाकले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांतपणे बसून राहिली. मला मात्र त्या पट्टीकडे बघवेना. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "दो लकीर हैं, साहब. दवाई आज से ही शुरू." नशीब म्हणावयाचे की ती औषधे तिच्या पिशवीतच होती. नाहीतर रानातल्या त्या रस्त्याने तापात जबलपूर गाठणे अवघड होते.

त्या पट्टीवरची लाल रेघ सोन्याची होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. सोन्याचे कण वीस-चाळीस नॅनोमीटरपर्यंत बारीक केले की ते पिवळे राहत नाहीत, माणकासारखे लाल दिसू लागतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर भरते, यावरून कणांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली या लाल सोन्याचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता. सोनेतारण कर्ज देताना आपले सराफ कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढतात. इथे सोनेच रेघ होऊन रक्ताची कसोटी घेते!

पट्टीचे काम समजून घेण्यासारखे आहे. मलेरियाचा फाल्सिपेरम हा घातक जंतू एचआरपी-२ नावाचे प्रथिन रक्तात सोडतो. पट्टीच्या आरंभी सोन्याच्या कणांना बांधलेले प्रतिपिंड वाळवून ठेवलेले असतात. थेंबातील प्रथिन त्यांना चिकटते आणि पट्टीच्या कागदासारख्या पडद्यातून पुढे झिरपत जाते. वाटेत एका रेघेवर दुसरा प्रतिपिंड पक्का बसवलेला असतो. तो तेच प्रथिन दुसऱ्या बाजूने पकडतो, त्याबरोबर सोनेही तिथे अडकते आणि रेघ लाल होते. बँकेत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, तशी ही दुहेरी मंजुरी. त्यापुढची आणखी एक रेघ केवळ पट्टी नीट चालली की नाही एवढे सांगते. ती उमटली नाही तर चाचणीच रद्द. घरच्या घरी करावयाच्या गर्भधारणेच्या चाचणीतही पुष्कळदा हीच सोन्याची युक्ती असते, फक्त प्रथिन निराळे.

जबलपूरकरांना या पट्टीविषयी थोडा अभिमान वाटावा असेही एक कारण आहे. शहरात नागपूर रस्त्यावर, गढ्याच्या बाजूला, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९८४ साली ती प्रादेशिक केंद्र म्हणून सुरू झाली. तिच्या माजी संचालक डॉ. नीरू सिंह यांचे मलेरियावरील बरेचसे संशोधन मंडल्याच्या वनगावांत झाले. सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ जिथे पोहोचू शकत नाहीत तिथे साध्या क्षेत्रीय कार्यकर्त्याच्या हाती अशी पट्टी दिली तर ती कितपत भरवशाची ठरेल, हा प्रश्न त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच प्रत्यक्ष तपासला होता. पुढे २०१७ साली परिषद, मध्य प्रदेश शासन आणि फाउंडेशन फॉर डिसीज एलिमिनेशन अँड कंट्रोल ऑफ इंडिया ही संस्था यांनी मिळून मंडला जिल्ह्याच्या १,२३३ गावांत मलेरिया निर्मूलनाचा प्रकल्प हाती घेतला. त्यातही घरोघर जाऊन ताप तपासण्याचे काम या पट्टीवरच आधारलेले होते.

तथापि एकाच खुणेवर विसंबण्यात धोका असतो आणि तोही याच संस्थेने दाखवून दिला. २०१० साली दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात असे फाल्सिपेरम जंतू आढळले, ज्यांच्यात एचआरपी-२ बनविणारे जनुकच गळालेले होते. रुग्ण तापाने फणफणलेला, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत आहेत आणि पट्टी मात्र कोरी! जबलपूरच्या संशोधकांनी भारतातील आठ राज्यांतील नमुने तपासून २०१६ साली दाखविले की असे जंतू आपल्याकडेही आहेत. सर्व राज्ये मिळून प्रमाण शेकडा पाचाच्या खाली होते. पाच हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की, या जनुकलोपामुळे पट्टीतून निसटणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शेकडा पाचाच्या वर गेले तर चाचणी बदलावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. आफ्रिकेतील एरिट्रियावर २०१६ साली ती वेळ आली. उलट प्रकारची चूकही होते. रुग्ण बरा झाल्यावरही हे प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळते. म्हणून मी बरा झाल्यावर हौसेने पुन्हा पट्टी करून बघण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा डॉक्टर हसले. "दुसरी रेघ येईल आणि तुम्ही उगाच घाबराल," ते म्हणाले. खाते बंद झाल्यावरही जुने चेकबुक घरात पडून राहावे, तशातला हा प्रकार.

सिकलसेलच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तिथे शोधावयाचे प्रथिन दुर्मीळ नसते, ते साक्षात हिमोग्लोबिनच असते. फक्त त्याच्या एका साखळीतील सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसलेले असते आणि एवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. विजेच्या क्षेत्रात हे हिमोग्लोबिन निराळ्या गतीने सरकते, हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले त्याला १९५८ पासून आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. त्याच तत्त्वावर चालणारे, कागदी पट्टीवर रक्त सरकवून त्याचे चित्र स्वतःच वाचणारे एक हातात मावणारे यंत्र जबलपूरच्या संस्थेने तपासून पाहिले आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध केले. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य आहे. एवढी तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत नमुने पाठवून होणारी नव्हे, हे मंडल्याचा रस्ता पाहिलेल्या कोणालाही पटेल.

सगळे मिळून

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. अंडाशयाच्या कर्करोगासाठी एक प्रथिन ठाऊक आहे. त्याचे नाव सीए-१२५. ते १९८० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहे. पण ते स्वभावाने काहीसे बेभरवशाचे. आरंभीच्या टप्प्यातील पुष्कळ रुग्णांत ते वाढलेले नसते आणि मासिक पाळी, गर्भाशयाच्या अस्तराचे विकार, एवढेच काय, पोटाचा क्षयरोग असला तरी ते वाढते. क्षयरोगाचे आपल्याकडील प्रमाण पाहता हा दोष लहान नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे या प्रथिनाची आणि सोनोग्राफीची तपासणी करून पाहण्यात आली. २०२१ साली तिचा अंतिम निष्कर्ष आला. सरसकट तपासणीमुळे या कर्करोगाच्या मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. म्हणजे काकूंची ही तपासणी दरवर्षी झाली असती तरी खात्रीने काही सांगता आले नसते.

एक खूण पुरत नसेल तर काय करावे? याचे उत्तर काकांच्या बोटांत होते. खोटी नोट ओळखताना ते केवळ जलचिन्ह पाहत नसत. सुरक्षा धागा, छपाईचा उठाव, कागदाचा खुळखुळाट, शाईचा रंग ही प्रत्येक गोष्ट थोडी थोडी साक्ष देई आणि निर्णय सर्वांचा मिळून होई.

२००७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात व्हिन्सेंट रोटेलो यांच्या गटाने नेमके हेच केले. त्यांनी कोणत्याही एका प्रथिनाला अचूक पकडणारा प्रतिपिंड घेतला नाही. सोन्याचे सहा प्रकारचे सूक्ष्म कण घेतले. प्रत्येकाचा पृष्ठभाग किंचित निराळा आणि प्रत्येकावर प्रकाशणारा एक बहुवारिक रेणू चिकटवलेला. प्रथिन आले की ते हा रेणू कमी-अधिक ढकलून देते आणि प्रकाश बदलतो. एकट्या कणाच्या उत्तराला अर्थ नाही. सहांची उत्तरे एकत्र मांडली की प्रत्येक प्रथिनाचा एक ठसा तयार होतो. अशा ठशांवरून त्यांनी ५२ अज्ञात नमुन्यांतील प्रथिने ९४ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखली. आपले नाकही असेच चालते. त्यात मोगऱ्यासाठी एक आणि फोडणीसाठी दुसरी अशी स्वतंत्र घंटा नाही. अनेक मज्जातंतू थोडे थोडे कुजबुजतात आणि मेंदू ठरवितो.

ठसे ओळखण्याचे काम यंत्रावर सोपविण्याला मशीन लर्निंग म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना घरगुती आहे. नवीन रोखपालाला नियमांचे पुस्तक पाठ करावयास लावण्याऐवजी त्याच्यापुढे खऱ्या आणि खोट्या अशा हजारो नोटा ठेवाव्यात, प्रत्येक वेळी बरोबर-चूक सांगावे, आणि भेद नेमका कशात आहे ते त्याचे त्यालाच शोधू द्यावे. अर्थात शिकवताना वापरलेल्या नोटा परीक्षेत द्यावयाच्या नाहीत. नाहीतर पाठांतराला ज्ञान समजण्याची चूक होते.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील डॅनियल हेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली जे प्रसिद्ध केले ते काकांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे आहे. त्यांनी सोन्याऐवजी कार्बनच्या नॅनोनलिका घेतल्या. कार्बनच्या अणूंची एकपदरी जाळी गुंडाळून केलेली, साधारण एक नॅनोमीटर जाडीची ही सुरळी आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चमकते. तिच्या आसपास काय येऊन चिकटते यावर तिच्या चमकेचा रंग आणि तेज किंचित हलते. नलिकांमध्ये मुद्दाम सूक्ष्म दोष निर्माण केले की ही संवेदनशीलता वाढते. दोषाने गुण वाढावा, असे उदाहरण आमच्या हिशेबाच्या पुस्तकांत सापडले नाही! अशा निरनिराळ्या नलिकांमध्ये सीरमचे २६९ नमुने मिसळले, प्रत्येकाचा प्रकाशठसा घेतला आणि तो यंत्राला शिकविला. अंडाशयाच्या कर्करोगाच्या मुख्य प्रकाराच्या शंभर रुग्णांपैकी ८७ यंत्राने ओळखले आणि हा रोग नसलेल्या शंभरांपैकी ९८ जणींना बरोबर वगळले. सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांच्या उत्तम जोडीचा आकडा त्याच मापाने ८४ येतो.

हे वाचून मी हुरळून गेलो होतो. पण आकडे दिसले की कागद-पेन्सिल घेण्याची खोड बँकेने लावली आहे. समजा, एक लाख स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांच्यात खरोखर आजारी १०० आहेत. त्यांतील ८७ सापडतील. उरलेल्या ९९,९०० निरोगी स्त्रियांपैकी शेकडा दोन, म्हणजे १,९९८ जणींनाही यंत्र रोगी ठरवील. एकूण २,०८५ जणींना 'तुम्हाला कर्करोग असावा' असे कळवावे लागेल आणि त्यांत खऱ्या रुग्ण शंभरांत जेमतेम चार. प्रत्यक्षात हा रोग याहून विरळ असल्याने चित्र आणखी बिकट होईल. या रोगाची खात्री अनेकदा शस्त्रक्रियेनेच करावी लागते, म्हणून ही चूक पुन्हा एक रक्तचाचणी करून मिटणारी नाही. ९८ टक्के अचूकता ऐकावयास मोठी वाटते. लाखाच्या हिशेबात तिचा अर्थ निराळा होतो.

दुसरी सावधगिरी इतिहासाने शिकविली आहे. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये एक लेख आला. रक्तातील प्रथिनांचा ठसा संगणकाला शिकवून अंडाशयाच्या कर्करोगाचे ५० पैकी ५० रुग्ण ओळखल्याचा आणि ६६ इतर स्त्रियांपैकी ६३ बरोबर वगळल्याचा त्यात दावा होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, चाचणी बाजारात आणण्याची तयारीही झाली. मग संख्याशास्त्रज्ञांनी तीच माहिती नव्याने तपासली. यंत्राने ओळखलेल्या फरकांत नमुने कसे हाताळले, केव्हा मोजले, यंत्र कसे लावले होते, यांचीच छाया पडलेली त्यांना दिसली. ती चाचणी बाजारात आलीच नाही. खोट्या नोटांचे सगळे बंडल पावसाळ्यात भिजून आले तर नवा रोखपाल 'ओलसर ती खोटी' असे शिकेल आणि उन्हाळ्यात फसेल. तसेच हे झाले. २०२२ चे काम बरेच काळजीपूर्वक केलेले आहे, तरीही हजारो नव्या नमुन्यांवर ते सिद्ध व्हावयाचे आहे.

जबलपुरातही या दिशेने पावले पडत आहेत. डुमना रस्त्यावर २००५ साली स्थापन झालेल्या ट्रिपल आयटीडीएम या संस्थेतील नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक, जैविक रेणू चिकटताच विद्युतप्रवाह बदलणाऱ्या अतिसूक्ष्म ट्रान्झिस्टरांच्या रचना संगणकावर मांडीत असतात. एका रस्त्यावर असे संवेदक रचणारे, दुसऱ्या रस्त्यावर वनगावांतील रक्ताचे स्वरूप जाणणारे, असे हे आपले शहर. दोन रस्त्यांमधले अंतर रिक्षाने तासाभराचेही नाही.

काका आता निवृत्त झाले आहेत. मागच्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो आणि हे सारे त्यांना सांगितले. लाखाचा हिशेब त्यांनी माझ्याकडून कागद घेऊन स्वतः पुन्हा केला. १,९९८ वर बोट ठेवून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एवढ्या जणींना उगाच घाबरवायचं." थोड्या वेळाने बोट ८७ वर आले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

"हे जे यंत्राला शिकवलं, ते रक्त कुणाचं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, संशोधन न्यूयॉर्कचे. आपल्याकडे वापरावयाचे झाले तर यंत्राला इथल्या स्त्रियांच्या रक्तावर पुन्हा शिकवावे लागेल. इथे पंडुरोग आहे, सिकलसेल आहे, क्षयरोग आहे. या सगळ्यांचे ठसे त्या प्रकाशात मिसळणार. "हाँ," ते म्हणाले, "अमेरिकेची नोट चांगली ओळखता येते म्हणून आपली ओळखता येईल असं नाही."

काकांची एक मुलगी आहे, पुण्याला असते. वय पस्तिशीचे. आईला हा रोग झालेला असल्यास मुलीने डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे आणि बीआरसीए या जनुकांची तपासणी करून घ्यावी का हे विचारावे, हे मी वाचले होते. त्यासाठी नॅनोनलिकांची वाट पाहावी लागत नाही, ती तपासणी आज उपलब्ध आहे. पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे अशा तक्रारी नव्याने सुरू होऊन महिन्यात बहुतेक दिवस टिकल्या, तर केवळ आम्लपित्त समजून न थांबता सोनोग्राफी आणि सीए-१२५ विषयी विचारावे, हेही मी त्यांना सांगितले. सांगताना जीभ अडखळली, कारण यातले एकूण एक लक्षण त्या घराने ऐकलेले होते.

काका उठले. देवघराशेजारच्या कपाटातून त्यांनी पैसे काढण्याची एक जुनी कोरी स्लिप आणली, ती उलटी केली, चष्मा लावला आणि पेनाचे टोपण काढले.

"बी-आर-सी-ए," ते म्हणाले. "सावकाश सांगा, साहेब. तिला आज रात्री फोन करतो."